मेधना

शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी फोल्डर उघडला, रबराची टोपी घातलेल्या अंगठ्याने एकेक कागद सरकवत आमच्या आडनावापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, अहो तुमचा सर्वेचा फॉर्म आलाय की, परवानगी दिलीये तुम्ही. मी म्हटलं, शक्यच नाही, माझं अजून ठरायचंय, म्हणून तर प्रश्न बघायला आलेय. त्यांनी कागद काउंटरवर माझ्याकडे वळवला. 'परवानगी आहे' च्या चौकटीत बरोबरची खूण, खाली तारीख, आणि त्याखाली निळ्या जेल पेनाने माझी सही. मराठीत. इकडे अमेरिकेत आल्यापासून मी सगळीकडे मराठीतच सही करते, बँकेत, गाडीच्या लोनवर, ग्रीन कार्डाच्या ढीगभर कागदांवर, एवढा एक हट्ट राखलाय. फक्त या सहीत मेघना नव्हतं. मेधना होतं.

घ आणि ध. रविवारच्या मराठी शाळेत माझ्या लेकीला, ईराला, तिथल्या ताईंनी निदान पन्नास वेळा सांगितलं असेल की ध ला वर गाठ असते आणि घ चं डोकं सपाट, आणि ही बया दर वेळी 'धर' लिहायला सांगितलं की 'घर' लिहायची आणि 'घर' सांगितलं की 'धर'. वहीत लाल गोल असायचे नुसते. तेरा वर्षांच्या मुलीने आईची सही मारली होती, शिरोरेषा अगदी माझ्यासारखी शेवटी फटकारून वर नेली होती, वेलांटीचा प्रश्नच नव्हता, मात्रा बरोबर होती, आणि नेमकी घ ला गाठ मारून बसली होती. त्या बाईंना काय कळणार त्यातलं, त्यांना ते सगळं तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं दिसत असणार.

"हो, माझीच आहे," मी म्हणाले.

हे २०१७ चं. आम्ही न्यू जर्सीत, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडपासून अर्ध्या तासावर, ईरा आठवीत. शाळेने एक सर्वे काढला होता, मुलांची मूल्यं, सवयी, घर, मित्र, दारू-सिगरेट, मनःस्थिती असं सगळं. त्याला कारणही झालं होतं. आदल्या वर्षी बाजूच्या हायस्कूलमधला एक मुलगा गेला, कसा गेला ते कोणी मोठ्याने बोललं नाही, सगळ्यांना माहीत होतं. फॉर्म दहा दिवस आमच्या फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली होता. नवऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, नाही म्हणून पाठव. माझ्या घरात काय चाललंय ते माझ्या मुलीच्या तोंडून काढून घ्यायचा यांना काय अधिकार. वाक्य मला पटलं होतं, खरं सांगते. पण त्याच्या आवाजात थोडी जास्त घाई होती. त्या वर्षी आमच्याकडे बरंच काही चालू होतं, त्याचा जॉब गेला होता, तो बेसमेंटमध्ये बसायचा आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर फक्त दूध आणायचं का आणि गाडीचा इन्स्पेक्शन स्टिकर कधी संपतोय एवढंच बोलत होतो. मी नाही वर खूण केली नाही आणि हो वरही केली नाही. रोज दूध काढताना फॉर्मकडे बघायचे आणि फ्रिजचं दार लावायचे. शेवटी एका मंगळवारी लंच टाइममध्ये म्हटलं जाऊन प्रश्न तरी बघून येऊ, आईबापांना आधी प्रश्न बघायचा हक्क असतोच.

तर सही 'माझीच' असल्याचं सांगून झाल्यावरही प्रश्न बघितलेच. बाईंनी मला लॉस्ट अँड फाउंडच्या खोक्याशेजारच्या छोट्या टेबलाशी बसवलं. खोक्यातून ओल्या हातमोज्यांचा वास येत होता, एक बाही बाहेर लोंबत होती. प्रश्न साधे होते म्हटलं तर. प्रामाणिकपणा तुला किती महत्त्वाचा वाटतो, एक ते पाच. मित्राला त्रास देणारं कोणी असेल तर तू मध्ये पडशील का. देवाधर्माला तुझ्या आयुष्यात किती जागा आहे. मग हळूहळू प्रश्न घरात शिरायला लागले, बूट काढून आत यावं तसे. घरी माझं म्हणणं ऐकून घेतलं जातं: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी, कधीच नाही. घरातली मोठी माणसं एकमेकांशी आदराने वागतात. गेल्या महिन्यात आईशी किंवा वडिलांशी दहा मिनिटांपेक्षा जास्त मनमोकळं बोलणं किती वेळा झालं. मी पेन हातात नसतानासुद्धा मनातल्या मनात तिच्या वतीने गोल काळे करत चालले होते, आणि लक्षात आलं की प्रत्येक ठिकाणी मी 'बऱ्याचदा' करतेय. म्हणजे चक्क खोटं. दहा मिनिटांच्या प्रश्नाला तर मी कारमधल्या फेऱ्या मोजायला लागले, स्विमिंगला नेताना बोलतो ना आपण, पण ती तेव्हा इयरफोन लावून बसते, मग ते धरायचं का.

माझी नोकरी काय आहे हे इथे सांगायलाच हवं, कारण खरी मेख तिथे आहे. मी फार्मा कंपनीत क्लिनिकल ट्रायलचे कागद बघते. कन्सेंट फॉर्म हेच माझं रोजचं दळण. पेशंटने सही आधी केली का नंतर, तारीख स्वतःच्या हाताने घातली का, फॉर्मची आवृत्ती चालू आहे का जुनी. सही दुसऱ्याने केलेली निघाली तर ते केवढं प्रकरण होतं ते मला विचारा, अशी एक सही सापडली म्हणून मी एका सेंटरचं सगळं काम थांबवायला लावलं होतं, आणि इथे मी काउंटरवर उभी राहून हसऱ्या चेहऱ्याने बनावट सहीला माझी म्हणून आले. पण त्याच कामातली आणखी एक गोष्ट त्या दिवशी गाडीत बसल्यावर आठवली. लहान मुलांच्या ट्रायलमध्ये नुसती आईबापांची सही पुरत नाही. साधारण सात वर्षांच्या पुढचं मूल असेल तर त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगून त्याचाही होकार घ्यावा लागतो, त्याला वेगळा शब्दच आहे, असेंट. शाळेच्या फॉर्मवर तशी ओळच नव्हती. पाल्याचं नाव, इयत्ता, पालकाची सही. पाल्याला काय वाटतं याला जागा नाही. मग तिने असलेल्या एकमेव रेघेवर आपला होकार लिहिला, माझ्या नावाने, असंही म्हणता येईल. पार्किंग लॉटमध्ये वीस मिनिटं मी हे असंच काहीतरी म्हणत बसले होते, सँडविच तसंच मांडीवर.

रात्री झोप लागेना तेव्हा मग लॅपटॉप उघडला. आपल्याआधी कोणी भांडलं असेल का हे बघायला, आणि बघते तर केवढी जुनी भांडणं. १९५९ साली ह्यूस्टनच्या स्कूल बोर्डाने नववीच्या सुमारे ५००० मुलांच्या असल्याच चाचण्यांच्या उत्तरपत्रिका चक्क जाळायला लावल्या होत्या, पालक इतके चिडले होते. मग आमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातलं नॉरिस्टाउन, किंग ऑफ प्रशियाच्या मॉलला जाताना ज्याची पाटी लागते तेच. तिथे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आठवीतल्या मुलांमधून पुढे ड्रग्ज घेऊ शकतील अशी मुलं आधीच हुडकून काढायचा कार्यक्रम निघाला होता. प्रश्न काय, तर आईबाबा तुला मिठी मारतात का, झोपताना पापी घेतात का, आणि वर्गातलं कोण विचित्र बोलतं त्याचं नाव लिही. पालकांना पत्र जाणार, आणि उत्तर आलं नाही तर होकार धरायचा. कोर्टाने १९७३ मध्ये ते थांबवलं, आणि त्या पत्राची तुलना बुक ऑफ द मंथ क्लबशी केली, नको म्हणून कळवलं नाही तर पुस्तक घरी येऊन पडणार तसं. हे वाचून मी एकटीच किचनमध्ये हसले. आणि मग हसू थांबलं, कारण कोर्टाचं म्हणणं असं होतं की एकदा मुलावर 'हा पुढे बिघडणार' असा शिक्का बसला की सगळे त्याच्याशी तसंच वागायला लागतात, आणि पोरगं त्या शिक्क्याला जागतं. हे समजायला कोर्ट कशाला, आमच्या मिरजेच्या शाळेत शेवटच्या बाकावर बसवलेल्या पोरांना विचारा.

आमच्या जर्सीतलं तर सगळ्यात गाजलेलं. रिजवुड, वर बर्गन काउंटीत, श्रीमंत गाव. १९९९ च्या शरदात सातवी ते बारावीच्या मुलांना १५६ प्रश्न दिले, सेक्स, ड्रग्ज, आत्महत्या, आईबापांशी संबंध. नाव लिहायचं नाही म्हणाले, ऐच्छिक आहे म्हणाले, पण तीन आया आणि त्यांच्या मुलांचं म्हणणं असं की प्रत्यक्षात मुलांना बसवलंच गेलं. केस जवळजवळ सहा वर्षं चालली. २००५ च्या डिसेंबरात त्या हरल्या. कोर्ट म्हणालं, मुलांना भाग घ्यायला लावलं होतं असं धरलं तरी घटनेने दिलेला हक्क मोडला असं होत नाही, माहिती एकत्र करून वापरली होती, कुणा एकाची उघड झाली नव्हती. त्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियात पामडेलचे पालकही हरले होते, तिथे तर पहिली, तिसरी आणि पाचवीची पोरं, सात ते दहा वर्षांची, ७९ प्रश्नांत १० सेक्सबद्दल, आणि घरी पाठवलेल्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. तिथलं कोर्ट म्हणालं, आईबापांचा हक्क शाळेच्या उंबऱ्यापर्यंत. आमचं कोर्ट म्हणालं, आम्ही केस तुमच्या विरोधात देतोय, पण हे उंबऱ्याचं वाक्य काही आम्हाला मान्य नाही. तो उंबरा शब्द वाचून मी थांबले. मराठी मुलगी आहे, उंबरा म्हटलं की पाय आपोआप उचलला जातो.

गंमत म्हणजे केस चालू असतानाच, २००२ च्या सुरुवातीला, याच रिजवुडमुळे न्यू जर्सीने कायदा केला की असल्या प्रश्नांना आधी पालकांची लेखी परवानगी पाहिजे. देशाचा कायदा १९७८ पासून आहेच, युटाहच्या ऑरिन हॅच या सिनेटरने आणलेला, त्यात विषयांची यादी आहे, राजकीय मतं, मानसिक त्रास, सेक्स, बेकायदा वागणं, घरच्यांबद्दलची टीकेची मतं, नंतर आलेला धर्म, घरचं उत्पन्न. उत्पन्न वाचून मला बेसमेंटमधला नवरा आठवला. असो. म्हणजे माझ्या फ्रिजवरचा फॉर्म त्या हरलेल्या बायकांनी तिथे आणून लावला होता. तीन बायका सहा वर्षं भांडल्या म्हणून मला एक रेघ मिळाली सही करायला, आणि त्या रेघेवर माझ्या पोरीने मेधना लिहिलं.

आमच्या वेळी रेघच नव्हती. चौथी-पाचवीत वर्गात सर विचारायचे, ईबीसीवाले उभे राहा. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या फी माफीसाठी मोजणी असायची. मग सहासात पोरं बाकाचा आवाज न करता उभी राहायची, मी त्यातली एक, स्कर्टचा शिवलेला हेम हाताने झाकत. जात तर दाखल्यावर छापलेलीच. आणि निबंध! 'माझे बाबा' वर निबंध म्हणजे सर्वेच की, फक्त एक ते पाच नाही. सहावीत मी सरळ लिहिलं की माझे बाबा रात्री उशिरा येतात आणि मग आई चार दिवस त्यांच्याशी बोलत नाही आणि आजी मध्ये निरोप देते, मीठ कमी आहे असं सांग तुझ्या आईला. माझ्या मते विनोदी लिहिलं होतं मी. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळे हसले, मीही हसले, आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या कुणीतरी तो आईपर्यंत पोचवला. आईने मारलं नाही. भाकरी थापत होती, थापता थापता थांबली, हाताचं पीठ तसंच, आणि म्हणाली, घरातलं घरात ठेवायला शीक, झाकली मूठ सव्वा लाखाची. परातीत पाणी आणि पीठ, स्टोव्हचा फरफर आवाज, आणि तिचे डोळे, ते अजून डोक्यातून जात नाही. पण पुढचं पण सांगायला हवं. भूगोलाच्या बाईंनी त्या निबंधाचं ऐकलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यानंतर वर्षभर मधल्या सुट्टीत नकाशे लावायला मलाच बोलवायच्या आणि नकाशे लावून झाले की डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवायच्या. बाबांचं दुकान बुडालं त्या वर्षी घरी जे काही चाललं होतं, त्यात ती अर्धी पोळी फार मोठी होती. मी बोलले नसते तर ती मिळाली नसती. आणि बोलले म्हणून आईला खाली बघावं लागलं. दोन्ही एकाच निबंधाने.

हल्ली माहेरी गेले की शेजारच्या शाळेच्या कंपाउंडवर ती दहा मूल्यं रंगवलेली दिसतात, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा वगैरे, खाली स्कूटर लावलेल्या. आपल्याकडे मूल्यं सांगतात, इकडे विचारतात. विचारल्यावर पालकांना राग येतो कारण विचारलं की उत्तर काहीही येऊ शकतं.

आमचा देसी मॉम्सचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्या आठवड्यात नुसता पेटला होता. एकीला भीती की हे कॉलेज अ‍ॅडमिशनला दिसेल का, दुसरी म्हणे इमिग्रेशनला जाईल, आणि एकीने लिहिलं, आमच्या मुलांना असले प्रश्न विचारून असल्या आयडिया कशाला देता. हा शेवटचा मुद्दा बोर्डाच्या मीटिंगमध्येही आला, तिथे चर्चला जाणारी एक गोरी बाई अगदी थरथरत बोलली, की माझ्या मुलाला आत्महत्या हा शब्द तुम्ही शिकवू नका, तो मी शिकवेन, माझ्या वेळेने. मला तिची कीव नाही आली, जवळची वाटली ती. पण याचं उत्तर तेव्हाही होतं. २००५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलमधल्या २३४२ मुलांचा अभ्यास आला होता, विचारल्याने मुलांच्या मनात आत्महत्येचं येत नाही, उलट जी आधीच त्रासात होती त्यांना विचारल्यावर जरा हलकंच वाटलं असावं असं दिसलं. आणि न विचारता कळणार तरी कसं. सरकारचा हायस्कूलच्या मुलांचा सर्वे १९९१ पासून दर दोन वर्षांनी होतो, त्यातल्या २०२१ च्या आकड्यांत ५७ टक्के मुली सतत उदास किंवा हताश होत्या आणि ३० टक्के मुलींनी आयुष्य संपवायचा गंभीरपणे विचार केला होता. शंभरातल्या तीस. ईराच्या बॅचच्या मुली त्यात असणार. त्यांच्या आया मीटिंगला बसल्या होत्या आणि त्यांना आपापलं घर 'बऱ्याचदा' ठीक वाटत होतं.

तरी सुद्धा, आणि हे मी आजही म्हणेन, नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मुलाला विचारलेला प्रश्न मुलाबद्दल असतोच असं नाही. घरातली मोठी माणसं एकमेकांशी आदराने वागतात का, याचं उत्तर आमचं होतं, तिला फक्त ते लिहायला बसवलं होतं. आणि शाळेत मूल नाही म्हणेल कसं, समोर टीचर, बाजूला मैत्रिणी, हातात पेन्सिल. ऐच्छिक हा शब्द मोठ्यांचा.

मे महिन्यात निकाल दाखवायला ऑडिटोरियममध्ये बोलावलं. नवरा आला नाही. पडद्यावर रंगीत पट्ट्या, कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही दाखवतो तशाच. दहा मिनिटांचा प्रश्न आला तेव्हा मी चष्मा लावला. 'कधीच नाही' ची पट्टी सगळ्यात छोटी होती, फिकट जांभळी, पण होती. त्यात ईरा आहे का हे कळायला काही मार्ग नव्हता, तेच तर त्यांनी प्रॉमिस केलं होतं, आणि मी स्वतः असल्या प्रॉमिसवर पोट भरते. मागच्या रांगेतला कोणीतरी बाप चिप्स खात होता. माणसाने आपलं पोर एका पट्टीत शोधावं आणि सापडू नये.

घरी येऊन तिला काही बोलले नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त स्विमिंगला नेताना एकदा म्हटलं, इयरफोन काढतेस का जरा. ती म्हणाली, का, काय झालं. मी म्हटलं, काही नाही गं, अशीच. मग आम्ही दोघी सिग्नलपर्यंत गप्प होतो.

आता ती २१ ची आहे, बोस्टनला. गेल्या महिन्यात फोनवर तिच्या मैत्रिणीच्या कुठल्यातरी सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टवरून सर्वेचा विषय निघाला आणि मी पटकन म्हणून गेले, आठवीतला तुझा सर्वे, माझी सही छान केली होतीस, फक्त घ चुकला. फोनवर इतकी शांतता पसरली की मला वाटलं लाइन कट झाली. मग ती हसायला लागली, मग म्हणाली, आई यू न्यू? आठ वर्षं? मी विचारलं, का केलीस गं. मला खरं तर काहीतरी मोठं ऐकायचं होतं. ती म्हणाली, अगं जे बसणार नव्हते त्यांना लायब्ररीत मॅथचं वर्कशीट देणार होते. एवढंच? एवढंच. मग थोडं थांबून म्हणाली, आणि जरा बाबाचं पण होतं. आणि तिने त्या वेळी कोणत्या प्रश्नाला काय लिहिलं ते सांगितलं.

हा लेख लिहून झाल्यावर मनात आलं की घरातलं घरात वाली मी, आणि पोरीचं सगळं इथे मांडायला निघालेय, तिची सही कुठाय? म्हणून तिला पाठवला. नवऱ्याला पण पाठवला. तो आता मराठीतलं फार वाचत नाही, पण वाचला, आणि बेसमेंटचं राहू दे म्हणाला, खरंय ते. ईराला मराठी वाचायला वेळ लागतो, तिने दोन दिवस घेतले. मग रात्री अकराला मेसेज आला, ओके आहे आई, पण मी काय लिहिलं होतं तो पॅरा काढ.

काढलाय.